भग्न क्रूस

इंग्लंडांतील खेड्यांत चर्चच्या आवारीं मध्ययुगीन पाषाणक्रूस आढळतात. गॉस्फर्थ येथील १० व्या शतकांतील उंच क्रूस अद्यापि उभा आहे. परंतु बहुतेकांचा पायऱ्यांचा चौथरा व खुंटलेला स्तंभ एवढाच भाग उरला आहे. झावळ्यांच्या रविवारीं मिरवणूक ह्याच क्रूसापाशीं थांबत असे. धर्मसुधारणेनंतर त्यांवर घाव पडूं लागले. १६४३ सालीं तर पार्लमेंटानें ते पाडण्याचा हुकूमच काढला. मूर्तिभंजन हें परधर्मीयांचें काम, असें आम्ही समजत आलों. येथें नातवांनींच आजोबांचें श्रद्धास्थान फोडलें. पुढें १९१४-१८ च्या महायुद्धांत गांवोगांवचे तरुण पडले, तेव्हां कांहीं ठिकाणीं त्यांच्या स्मरणार्थ ह्याच जुन्या चौथऱ्यांवर नवे क्रूस चढले. वादानें पाडलें तें दुःखानें पुन्हां उभारलें, असेंच आम्हांस म्हणावेंसें वाटतें.