दंड सरकारला, भुर्दंड आपल्याला

मंगळवार पेठेत जुना वाडा उतरवून स्लॅबचे घर बांधणारा माणूस सिमेंटच्या पोत्यामागे चार-दोन रुपयांसाठी दुकानदाराशी घासाघीस करतो. पण तो भाव कंपन्यांनीच संगनमताने चढवलेला असेल, तर त्याचे जादा गेलेले पैसे कोणी परत करायचे?

प्रश्न जुना आहे. इंग्लंडच्या १६२४ च्या कायद्याने मक्तेदारीत नाडल्या गेलेल्या माणसाला नुकसानीच्या तिप्पट भरपाईचा हक्क दिला. अमेरिकेनेही १८९० च्या शर्मन कायद्यात तेच तत्त्व धरले. आपल्या १९६९ च्या मक्तेदारी कायद्यात भरपाई आली ती १९८४ च्या दुरुस्तीने, कलम १२-ब म्हणून. त्यात व्यापाऱ्याबरोबर ग्राहकाचाही स्पष्ट उल्लेख होता आणि अर्ज थेट आयोगाकडे करता येई. २००२ च्या स्पर्धा कायद्यातही भरपाईचा अधिकार आयोगाकडेच होता. २००७ च्या दुरुस्तीने मात्र वाट दोन टप्प्यांची झाली: आधी आयोगाने दोष ठरवायचा, मग भरपाईसाठी अपील न्यायाधिकरणाचे दार ठोठवायचे. दिवाणी न्यायालयाची वाट कायद्यानेच बंद आहे.

सिमेंटच्या खटल्यात या वाटेची लांबी दिसते. बांधकाम ठेकेदारांच्या अखिल भारतीय संघटनेने २०१० मध्ये तक्रार केली. जून २०१२ मध्ये आयोगाने संगनमत सिद्ध धरून ६,००० कोटींहून अधिक दंड ठोठावला. २०१५ मध्ये तो आदेश रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हा दंड वसूल झाला तरी तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. पोते विकत घेणाऱ्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही.

त्याने वेगळा अर्ज करावा, असे कायदा सांगतो. समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एकालाही तो करता येतो. मुंबईच्या एका शेअर बाजाराने दुसऱ्याविरुद्ध अशीच शेकडो कोटींची भरपाई मागितली. पण त्याच्याकडे वकील होते, हिशेबाच्या वह्या होत्या. घरमालकाला आठ-दहा वर्षांनंतर आपण किती पोती, कोणत्या भावाने घेतली आणि संगनमत नसते तर भाव काय असता, हे दाखवावे लागेल. त्यातून सिमेंट ठेकेदारानेच आणलेले असले, तर नुकसान नेमके कोणाचे, हाही वाद उभा राहतो.

हक्क कागदावर आहे, पण तो बजावायचा तर हातात पक्के बिल हवे आणि शेजारीपाजारी एकत्र यायला हवेत. ग्राहक संघटनांनी हे काम अंगावर घेतल्याशिवाय ५३-न हे कलम बड्यांच्या आपसातल्या भांडणापुरतेच उरेल.