आमचा लाल बी-२७५

दिवाळीत गावी गेलो तेव्हा गोठ्याच्या मागं ट्रॅक्टरवरची ताडपत्री काढलेली दिसली. दादा म्हणाला, "भंगारवाला बघून गेला. किलोवर घेतोय." मी काही बोललो नाही. बॉनेटचा लाल रंग उडून विटकरी झालेला, पण बाजूच्या पट्टीवरची अक्षरं अजून लागत होती: इंटरनॅशनल, बी-२७५.

हा ट्रॅक्टर मूळचा इंग्लंडचा. शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर ही १९०२ साली उभी राहिलेली अवजारांची मोठी कंपनी. तिच्या डोंकास्टरच्या कारखान्यात १९५८ साली हे मॉडेल निघालं. पुढं १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत कंपनी काढली आणि १९६५ पासून कांदिवलीत हेच मॉडेल तयार होऊ लागलं. म्हणजे आमचा ट्रॅक्टर तसा मुंबईकरच. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ३५ हॉर्सपॉवर, पुढचे आठ गिअर आणि मागचे दोन. आज गावात कुणी ३५ ला विचारत नाही, पण तेव्हा बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात ते ऐकायला लोक पारावरून उठून आले होते.

आण्णांनी तो घेतला १९७४ साली, आणि घेतला तो हौसेनं नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात कडबा संपला. आमच्या दावणीला आठ बैल होते. दोन मेले, चार मातीमोल किमतीला गेले, एक जोडी उरली. आमची रानं काळी, खोल, आणि त्यात हरळी आणि कुंदा. कुंद्याची मुळी किती खाली जाते ते ज्यानं उकरलंय त्यालाच ठाऊक. ती काढायची तर किर्लोस्करांचा मोठा लोखंडी नांगर हवा, आणि तो ओढायला सहा-आठ बैल. उन्हाळ्यात गाव इर्जिक करायचं. आज याच्या रानात सगळ्यांचे बैल, उद्या त्याच्या, आणि संध्याकाळी ज्याचं रान त्याच्याकडं जेवण. दुष्काळानंतर बैलच नाहीत तर इर्जिक कशाची? आण्णांनी साडेचौदा एकर तारण ठेवलं, सातबाऱ्यावर बोजा चढला, आणि नंबर लागायची वाट बघत वर्ष काढलं.

दोन फाळांचा नांगर मागं लावला की दोन-अडीच तासांत एकर निघायचं. ढेकळं अशी उलथायची की माणूस मागं चालताना ठेचकाळावा. मला आवडायचं ते मात्र वेगळंच. मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळे ब्रेक. बांधाशी एकच दाबायचा की गडी जागच्या जागी वळायचा. आणि पायाशी डिफरन्शियल लॉकचा खटका. एक चाक चिखलात नुसतं गरगर फिरायला लागलं, की तो दाबायचा. मग दोन्ही चाकं एकदमच फिरतात आणि घट्ट जमिनीवरचं चाक गाडी बाहेर काढतं. आण्णा हे पाहुण्यांना समजावून सांगायचे तेव्हा चहा गार व्हायचा.

आमच्याकडं एक सालगडी होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. बैल त्यांच्या आवाजावर चालत. आण्णा म्हणाले, "ट्रॅक्टर शिका." मामा म्हणाले, "मला ते जमायचं न्हाई, आण्णा." पुढच्या पाडव्याला आण्णांनी त्यांचं साल धरलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. मामा रोजगार हमीच्या खडीवर गेले. उरलेली जोडी पेरणीला लागायची, ती आण्णा स्वतः हाकू लागले. घरात यावर कधी कुणी बोललं नाही.

दोनेक वर्षांनी ऐन आषाढात ट्रॅक्टर ओढ्यात रुतला. आण्णांनी खटका दाबला, पण खाली घट्ट काही नव्हतंच. दोन्ही चाकं आसापर्यंत आत गेली. सांजच्याला मामा आले, दोन बैलजोड्या मागून आणलेल्या. साखळी लावली, बैलांना हाक दिली, तिसऱ्या हिसक्याला ट्रॅक्टर वर. आण्णांनी खिशात हात घातला तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बैलाला पाय कुठं रुततोय ते कळतं, ह्याला कळत न्हाई, एवढंच." आणि बैल घेऊन गेले. त्या रात्री आण्णा जेवले नाहीत.

कांदिवलीची ती कंपनी १९७७ मध्ये महिंद्रमध्ये मिसळली. शिकागोच्या मूळ कंपनीला १९८५ च्या सुमाराला आपला शेतीचा धंदा विकावा लागला. २७५ हा आकडा मात्र इथं टिकला. इंजिन बदललं, रूप बदललं, तरी त्या नंबरचा ट्रॅक्टर आजही विकला जातो. मामांच्या नातवाकडं तोच आहे, कर्जावर घेतलेला. एकरावर नांगरटी करतो. आमचंही रान तोच नांगरतो.

भंगारवाला येऊन गेल्याचं त्याला कळलं आणि तो घरी आला. दादाला म्हणाला, "काका, तोडायला देऊ नका. मला द्या. आज्जा सांगायचा ह्याला वढ्यातनं काढल्याचं."

तो गेल्यावर मी दादाला म्हटलं, देऊन टाक, पैसे घेऊ नकोस.

दादा बराच वेळ ताडपत्रीची दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "हप्ते मी फेडलेत. तू पुण्याला होतास." ते खरंच होतं. आण्णांना पक्षाघात झाल्यावर बोजा उतरवायला त्यानं शाळा सोडली आणि त्याच सीटवर बसला.

सकाळी उठून पाहिलं तर दादा बॅटरी आणायला बार्शीला गेला होता. वहिनी म्हणाल्या, "चालू करून देतो म्हणालेत. पैशाचं काही बोलले नाहीत."