दीर्घ खंडानंतर पुन्हा मालट्रकवर

मालट्रक चालविण्याचा व्यवसाय मध्येच सोडून काही वर्षांनी पुन्हा त्याकडे वळणारे चालक थोडे नाहीत. कुणी आजारपणामुळे घरी बसतो, कुणी शेतीसाठी गावी परततो, कुणी आखाती देशात नोकरी धरतो. २०२० च्या टाळेबंदीत भाडे मिळेनासे झाल्याने काहींना दुसरे काम पत्करावे लागले. पुढे घरखर्चाची ओढाताण सुरू झाली की हातातील जुनी विद्या आठवते. गिअर, क्लच आणि स्टिअरिंग यांची सवय काही दिवसांत परत येते, हे खरे. परंतु मधल्या काळात कायदा, गाडी आणि रस्ता ही तिन्ही बदललेली असतात. चालकाचे शरीरही पूर्वीचे राहिलेले नसते. केवळ जुन्या अनुभवाच्या भरवशावर लांबची खेप घेणे म्हणूनच जोखमीचे ठरते.

परवान्याची मुदत

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मालवाहू वाहनाचा परवाना पूर्वी ३ वर्षांसाठी मिळत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत ५ वर्षे झाली. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी ती ३ वर्षे असून नूतनीकरणासाठी उजळणी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

खंड पडलेल्या चालकाला याच दुरुस्तीतील दुसरा बदल अधिक जाचतो. मुदत संपल्यावर ५ वर्षांपर्यंत चाचणीविना नूतनीकरण होत असे. ती सवलत आता १ वर्षावर आली आहे. वर्ष उलटल्यास वाहन चालविण्याची चाचणी नव्याने द्यावी लागते. मुदतीनंतरही ३० दिवस परवाना वैध मानण्याची तरतूदही वगळण्यात आली. उशिरा नूतनीकरण केल्यास परवाना त्या दिवसापासूनच लागू होतो. मधला काळ भरून निघत नाही. पुस्तिकेच्या स्वरूपातील जुन्या परवान्याची नोंद संगणकात नसेल, तर ती आधी करून घ्यावी लागते. आठवी उत्तीर्ण असण्याची अट मात्र २०१९ मध्ये रद्द झाल्याने कमी शिकलेल्या चालकांची एक अडचण दूर झाली.

परवान्याविना गाडी चालविल्यास ५ हजार रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठा धोका अपघाताचा. चालकाचा परवाना वैध नसल्यास विमा कंपनी जखमींना दिलेली भरपाई पुढे गाडीमालकाकडून वसूल करू शकते. त्यामुळे जाणता मालक परवाना पाहिल्याखेरीज किल्ली हाती देत नाही.

अवजड वाहनाची चाचणी होईपर्यंत एक मार्ग खुला आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ५ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. लहान टेम्पोवर हात बसवून मग मोठ्या गाडीकडे वळणे त्यामुळे शक्य होते.

शरीराची परीक्षा

मालवाहू परवान्यासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते केवळ कागदापुरते घेणे चालकाच्याच अंगाशी येते. चाळिशीनंतर समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोताने डोळे दिपतात आणि सावरण्यास अधिक वेळ लागतो. मधुमेहावर इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याने जेवणाची वेळ चुकविल्यास साखर एकाएकी उतरून भोवळ येऊ शकते. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या व्यक्तीने झोपेतील श्वासाच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. रात्री २ ते पहाटे ५ ही वेळ डुलकीची. घरी नियमित झोपेची सवय झालेल्या शरीराला पुन्हा रात्रपाळी पेलण्यास अवधी द्यावा लागतो.

बदललेली गाडी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या ट्रकना डिझेलच्या टाकीखेरीज युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. हे द्रावण संपल्यास इंजिनाची ताकद आपोआप कमी होते आणि भरलेली गाडी चढावर रेंगाळते. एका टाकीतील द्रव दुसरीत ओतला गेल्यास दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. म्हणून समोरच्या फलकावरील प्रत्येक दिव्याचा अर्थ गाडी ताब्यात घेतानाच समजून घ्यावा. २०१८ मध्ये आसावरील भाराची मर्यादाही वाढली. चार चाकांच्या एका आसासाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. गाडी अधिक भरलेली असेल, तर थांबण्यासाठीचे अंतरही अधिक लागते, हे जुन्या अंदाजाने चालविणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

घाट आणि महामार्ग

उतारावर इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची किंवा इंजिन बंद करण्याची जुनी खोड जीवघेणी आहे. एअर ब्रेकला हवा पुरविणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद झाले की हवेचा दाब पुन्हा भरत नाही. वारंवार दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधावर उतरणे हाच सुरक्षित उपाय. पुण्यातील कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका अवजड वाहनामुळे चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले होते.

याउलट ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर धोका एकसुरीपणाचा. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून येणाऱ्याचा कसारा घाट टळला. मात्र सरळ रस्त्यावर मन गुंगते आणि तापलेले टायर फुटतात. टायरमधील हवा तपासणे आणि ठरावीक अंतराने उतरून पाय मोकळे करणे हा तेथील पहिला नियम मानावा.

कागदपत्रे आणि जबाबदारी

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर जकात नाके इतिहासजमा झाले. सामान्यतः ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी ई-वे बिल लागते आणि साधारण मालासाठी त्याची मुदत दर २०० किलोमीटरला १ दिवस अशी मोजतात. गाडी बिघडल्यास मुदत संपण्याच्या ८ तास आधी किंवा नंतर ती वाढवून घेता येते. त्यासाठी मालकाला वेळीच कळविणे चालकाचे काम आहे. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. फौजदारी जबाबदारीही वाढली. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास पूर्वी २ वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ५ वर्षांपर्यंत आहे.

पहिले काही महिने

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला ८ तास कामाची मर्यादा घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा श्रम संहितेने घेतली, तरी ८ तासांचे तत्त्व कायम आहे. प्रत्यक्षात खेपेनुसार पैसे मिळत असल्यामुळे चालक स्वतःच ती मर्यादा ओलांडतो. परतणाऱ्या चालकाने सुरुवातीला मासिक पगाराचे आणि जवळच्या अंतराचे काम पाहावे. पहिले काही आठवडे दिवसा, शक्यतो जाणत्या जोडीदारासह गाडी चालवावी. माल पोहोचविण्याची वेळ, भत्ता, दंड कोणी भरायचा आणि अपघात विमा आहे काय, या गोष्टी गाडीत बसण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात. घाईची खेप नाकारण्याने एका दिवसाचे भाडे बुडेल. पेंगत घाट उतरणाऱ्या चालकाकडून होणारे नुकसान मात्र त्याच्या कुटुंबाला आणि रस्त्यावरील अनोळखी माणसांनाही सोसावे लागते.