२८२ गुण आणि त्यानंतरचे अर्ज

आजचा भाग एका आकड्यावर आहे. ७५० पैकी २८२. मुंबई विद्यापीठाच्या १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेत एल्फिन्स्टन हायस्कूलच्या भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला मिळालेले हे गुण. टक्केवारी काढली तर ३७.६.

दरवर्षी निकालाचे दिवस आले की हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. बघा, बाबासाहेबांना सदतीस टक्के होते, मार्कांना काय अर्थ आहे! पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, रडणाऱ्या पोराला धीर द्यायचा असतो. पण मला हा निष्कर्ष पटत नाही. ज्या माणसाने त्या मॅट्रिकनंतर सोळा वर्षं एकामागून एक परीक्षा दिल्या, मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन अशा तीन शहरांतल्या विद्यापीठांत अर्ज भरले, त्याच्या नावावर ‘मार्कांना अर्थ नाही’ हे वाक्य कसं खपवायचं?

आज हा विषय घेण्याचं कारण बंगळूरमधल्या आपल्याच घरांतलं आहे. मुलगा किंवा मुलगी नववीत घसरते. शहर बदललं, शाळा बदलली, घरात आजारपण झालं, काहीही. दहावीत सावरते, अकरावीत चांगली चालते. मग अमेरिकेतल्या कॉलेजचा अर्ज भरायची वेळ येते आणि तिथे नववीपासूनचे सगळे मार्क मागतात. आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ती नववी कुठे लपवायची? या प्रश्नाचं उत्तर मला समुपदेशकाच्या माहितीपत्रकापेक्षा इतिहासात जास्त चांगलं सापडतं.

आधी तेव्हाची मॅट्रिक काय होती ते बघू. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा शाळेचा शेवट नव्हती, विद्यापीठाची देवडी होती. विद्यापीठच ती घेई आणि जो पास होई त्याला कॉलेजचं दार उघडं. आजच्यासारखी पॉइंट दोन टक्क्यांवर लटकणारी कट-ऑफ यादी तेव्हा नव्हती. पास होणं हीच मोठी गोष्ट. म्हणून त्या २८२ गुणांचं घरच्यांना आणि वस्तीला दुःख झालं नाही, सत्कार झाला. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र या मुलाला भेट दिलं. अस्पृश्य मानलेल्या घरातला मुलगा मॅट्रिक होणं, ही त्या सभेपुरती बातमी होती. किती गुणांनी, हे नंतर आपण विचारायला लागलो.

आता २८२ च्या मागचं. मी फौजेतला माणूस, त्यामुळे मला इथे रामजी सुभेदार आधी दिसतात. महूच्या छावणीत लष्करी शाळेत शिकवणारे. कंपनी सरकारच्या काळापासून फौजेत शिपायांच्या मुलांसाठी शिक्षणाची सोय होती आणि महार पलटणींतल्या घरांना तिचा मोठा उपयोग झाला. पुढे १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरतीच बंद केली गेली. म्हणजे १८९१ साली महूला जन्मलेलं हे मूल, फौजेने ज्या शिडीवरून एका पिढीला वर चढवलं, ती शिडी काढून घेतली जात असताना मोठं होत होतं. वडील निवृत्त झाले, कुटुंब दापोली, मग सातारा. साताऱ्यात आई गेली. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथल्या सरकारी शाळेत नाव दाखल झालं. आज महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वर्गात बसायला घरून नेलेलं गोणपाट, तेही कोपऱ्यात. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचं, शिपाई नसेल तर पाणी नाही.

मग मुंबई. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सगळं कुटुंब. मुलगा लवकर झोपे, रामजी जागे राहत आणि पहाटे दोनला त्याला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे होत. कंदिलाच्या उजेडात अभ्यास. संस्कृत शिकायची इच्छा होती, शिकवायला नकार मिळाला, म्हणून फारशी घ्यावी लागली. ही परिस्थिती समोर ठेवून तो २८२ चा आकडा पुन्हा वाचा. मुलगा कोणत्या जमिनीवर उभा होता, ते त्यातून कळतं. त्याची उंची त्यावरून मोजता येत नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर ती नुसती करुण कहाणी होईल. खरा इतिहास पुढे आहे. १९०८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेज. इंटरची परीक्षा पार पडली आणि वडिलांचे पैसे संपले. इथे केळुसकर पुन्हा येतात. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी शाळकरी वयापासून पाहिला होता. ते त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महाराजांनी समोर बसवून प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. कॉलेजातले प्राध्यापक म्युलर पुस्तकं देत, कपडेही देत. बी.ए. झालं. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार.

कोलंबियात या माणसाने काय केलं त्याची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. १९१५ मध्ये एम.ए. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. मॅट्रिकला सदतीस टक्के मिळालेल्या मुलाचं हे नऊ वर्षांनंतरचं काम.

आता अर्जाकडे या. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेताना कोलंबियाचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांना शिफारसपत्र दिलं. सेलिग्मन यांच्या डोळ्यांसमोर काय होतं? त्यांच्या वर्गात बसलेला विद्यार्थी आणि त्याचं अलीकडचं काम. केळुसकरांनी चर्नी रोडला जे पाहिलं, सयाजीरावांनी समोर बसवून जे पाहिलं, तेच सेलिग्मननी पाहिलं: हा माणूस आज काय करतोय आणि कोणत्या दिशेने चाललाय. तिघांनीही त्यावर आपलं नाव लावलं. प्रवेशाच्या इतिहासात ‘नाव लावणारा माणूस’ ही गोष्ट मार्कांइतकीच महत्त्वाची आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

तरी रस्ता सरळ नव्हताच. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत यावं लागलं. लंडन विद्यापीठाने चार वर्षांपर्यंतची सवलत दिली. बडोद्यात नेमणूक झाली ती महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून. फौजेत ज्याने काम केलंय त्याला या पदाचा मान कळतो. पण त्या अधिकाऱ्याला बडोद्यात राहायला जागा मिळेना, आणि त्याला शहर सोडावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, १९२० मध्ये पुन्हा लंडन. सेलिग्मन यांनी पुन्हा पत्र दिलं, या वेळी प्राध्यापक फॉक्सवेल यांना. १९२१ मध्ये एम.एस्सी. त्याच वर्षी परीक्षेचा फॉर्म वेळेवर पोचला नाही आणि संस्थेच्या सचिव मिसेस मेअर यांना विद्यापीठाशी पत्रव्यवहार करावा लागला. एवढ्या मोठ्या माणसाचाही फॉर्म राहतो, हे वाचून मला बरं वाटलं! मार्च १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला, तो आहे तसा स्वीकारला गेला नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा सादर केला. नोव्हेंबरमध्ये मान्य झाला.

आता आपल्या बंगळूरकडे येऊ, कारण इथे उलट प्रकरण घडलं. १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने होऊन टाटांच्या इन्स्टिट्यूटमध्ये, आजच्या आयआयएस्सीमध्ये, अर्ज करतात. वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. मार्कांत खोट काढायला जागा नाही. तरी संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला, कारण अर्जदार मुलगी. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष उमेदवारीचं, आणि संचालकांचं समाधान होईपर्यंत काम अधिकृत धरलं जाणार नाही. ही अट अन्यायाचीच होती, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी वर्षभर असं काम केलं की रामन यांना मान्यता द्यावी लागली, आणि नंतर इतर मुलींनाही दार उघडलं. १९३६ मध्ये एम.एस्सी., १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. पहिल्या क्रमांकाच्या गुणपत्रिकेने जे दार उघडलं नाही, ते एका वर्षाच्या ताज्या कामाने उघडलं.

याच शहरात कब्बन रोडला फौजेचं सिलेक्शन सेंटर साऊथ आहे. अधिकारी निवडायची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धातली. आधी ब्रिटिश फौजेत छोटीशी मुलाखत होई, चांगल्या शाळेचा मुलगा, चांगलं घराणं, झाली निवड. प्रशिक्षणात असे बरेच जण गळू लागले, तेव्हा १९४२ मध्ये मानसशास्त्रीय चाचण्यांसह निवड मंडळं आली. आपल्याकडे १९४३ मध्ये डेहराडूनला प्रायोगिक मंडळ झालं. आजही उमेदवाराकडून एक माहितीपत्रक भरून घेतात, त्यात शाळा-कॉलेजातले टक्के असतात. काही प्रवेशांना आधी टक्क्यांची चाळणीही असते. पण मुलाखतीत टक्क्यांवरून प्रश्न येतो तो असा: दहावीत इतके, बारावीत एवढे कमी, पुन्हा वर, काय झालं? घसरणीमुळे कुणी परत जात नाही. घसरणीचं उत्तर उडवाउडवीचं दिलं तर मात्र पुढचे पाच प्रश्न त्याच जागी येतात. ज्याने ‘वडील गेले, मी सहा महिने दुकान बघितलं, मग अभ्यासाला बसलो’ असं सरळ सांगितलं, त्याचा चढ समोरच्याला दिसतो.

म्हणून त्या नववीबद्दल. आपल्याकडच्या व्यवस्थेत चढ बघायची सोयच कमी. कर्नाटकात अभियांत्रिकीची रँक निम्मी सीईटीवर आणि निम्मी पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या मार्कांवर ठरते. तिथे तुमची नववी कुणी विचारत नाही आणि नववी ते अकरावीची मेहनतही कुणाला दिसत नाही. अमेरिकेत जीपीए म्हणजे साधारण चार वर्षांच्या श्रेणींची सरासरी. सरासरीत चढ बुडतो: आधी कमी मग जास्त, आणि आधी जास्त मग कमी, दोन्हींची बेरीज सारखीच येते. पण वर्षवार गुणपत्रिका सोबत जाते, शाळेचं पत्र जातं, आणि बहुतेक अर्जांत ‘आणखी काही सांगायचं असेल तर’ अशी जागा असते. ती जागा रिकामी ठेवू नका. चार-पाच ओळी पुरतात: कोणत्या महिन्यात काय झालं, मग काय बदललं, त्यानंतर कोणत्या विषयात किती आले. रडगाणं नको, दोष कुणाला नको. पत्र लिहिणाऱ्या शिक्षकांची निवडही त्याच हिशेबाने करा. नववीतल्या नावाजलेल्या सरांपेक्षा अकरावीत ज्यांनी तुमचं पोर सावरताना पाहिलं त्या बाईंना विचारा. आणि अर्ज करायच्या आधी प्रत्येक विद्यापीठाचा हिशेब वाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठ आपला जीपीए दहावी-अकरावीच्या श्रेणींवर काढतं. नववीचे विषय आणि श्रेणी अर्जात लिहाव्या लागतात, पण त्या सरासरीत येत नाहीत. ज्या नववीपायी घरात सहा महिने झोप नाही, ती कित्येकदा हिशेबातच नसते.

महारांची भरती बंद झाल्याचा उल्लेख मघाशी आला. ती शिडी पुन्हा लागायला १९४१ उजाडावं लागलं, आणि महार रेजिमेंट उभी राहिली ती बेळगावात. पुढच्या भागात तिथे जाऊ. जय हिंद.