सुगंध ‘अंगाला मानवणं’ : एक जुना प्रश्न

परफ्युम घेताना दुकानात हमखास ऐकू येतं, ‘तुमच्या बॉडी केमिस्ट्रीला सूट होईल असा घ्या.’ शब्द नवे आहेत, पण प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे.

बाराव्या शतकात कल्याणीचा (आजचं बसवकल्याण, जि. बीदर) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात अंगाला लावायच्या सुगंधी लेपांवर वेगळा भाग आहे आणि ऋतूप्रमाणे लेप बदलायला सांगितलं आहे. पुढे सुगंधी द्रव्यं बनवण्यावरच्या ‘गंधवाद’ या ग्रंथावर चक्क मराठीत टीका लिहिली गेली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले अभ्यासक प. कृ. गोडे यांनी १९४५ साली तिच्या दुर्मीळ हस्तलिखितावर लिहिलं आणि टीकेचा काळ साधारण १३५० ते १५५० असा ठरवला. आजही १९२२ साली स्थापन झालेली एस. एच. केळकर ही सुगंधी द्रव्यांची कंपनी आपल्या मुलुंडमध्ये आहे.

ऋतू बघायचा हा विचार आजच्या विज्ञानालाही पटतो. त्वचा मुळातच किंचित आम्लधर्मी असते. १९२८ साली जर्मन संशोधकांनी या थराला ‘आम्ल आवरण’ म्हटलं. पण निरोगी माणसांत या आम्लतेचा फरक थोडाच असतो. एकच परफ्युम दोघांच्या अंगावर वेगळा वाटतो, तो मुख्यतः इतर कारणांनी. कोरड्या त्वचेवर वास लवकर उडतो, तेलकट त्वचेवर टिकतो. उष्णतेने तो भराभर पसरतो. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जिवाणू घामातल्या घटकांचं विघटन करतात तेव्हा तो येतो आणि परफ्युममध्ये मिसळतो. म्हणून अंधेरीच्या दमट मे महिन्यात जड अत्तर नकोसं होतं आणि डिसेंबरात तेच छान वाटतं.

पण डॉक्टर म्हणून मला ‘मानवणं’ याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा वाटतो. १९१६ साली फ्रॉइंड या डॉक्टरांनी नोंदवलं की कोलोन लावून उन्हात गेलेल्यांच्या मानेवर तपकिरी डाग पडतात. कारण निघालं बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाचं तेल, म्हणजे पूर्णपणे नैसर्गिक पदार्थ! तेव्हा ‘नैसर्गिक अत्तर आहे, त्रास होणार नाही’ हा समज सोडून द्या. सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी एकदा झाली की बहुधा कायमची राहते.

म्हणून निवडताना एवढं करा:

• कागदाच्या पट्टीवर वास घेऊन लगेच ठरवू नका. मनगटावर लावून दोन-तीन तास थांबा.
• नवीन परफ्युम कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर, दिवसातून दोनदा लावून पाहा. खाज, लाली किंवा पुरळ आलं तर तो तुमचा नाही.
• नुकत्याच दाढी किंवा वॅक्सिंग केलेल्या त्वचेवर लावू नका. उन्हात जायचं असेल तर मानेऐवजी कपड्यांवर लावा.
• दमा किंवा मायग्रेन असेल तर बंद खोलीत फवारणं टाळा.
• काळपट डाग किंवा पुरळ वाढत असेल तर परफ्युम लगेच बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या.

वास आवडला की नाही हे नाक पहिल्या मिनिटात सांगतं. मानवला की नाही हे त्वचा सांगते, आणि तिला थोडे दिवस लागतात.