ध्वनिमुद्रिकेची मक्तेदारी आणि गायकाचे मोल

विसाव्या शतकातील हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाला ध्वनिमुद्रिका हे साधन टाळून चालणार नाही. मात्र या साधनाबरोबर एक गृहीतही नकळत स्वीकारले जाते. ज्याच्या मुद्रिका विपुल, तो कलावंत थोर, असे ते गृहीत होय. ते कितपत टिकते, हे ग्रामोफोन कंपनीच्या उदयास्तावरून तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लंडनच्या या कंपनीचे तज्ज्ञ फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आले व त्यांनी गौहरजान आदी कलावंतांचे गायन मुद्रित केले. त्या वेळी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. गौहरजान गायनाच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत, ते तेथील कारागिरांस मुद्रिका ओळखता यावी म्हणून, असे सांगितले जाते. १९०८ साली कलकत्त्यात कंपनीचा कारखाना निघाला आणि १९२८ साली डमडमचा मोठा कारखाना उभा राहिला. १९३१ साली मूळ कंपनी व ‘कोलंबिया’ यांचे विलीनीकरण होऊन ‘ईएमआय’ ही संस्था जन्मास आली. प्रतिस्पर्धी कंपन्या आल्या आणि गेल्या. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ ही मुद्रा मात्र दीर्घकाळ अग्रभागी राहिली. या सामर्थ्याचा पाया यंत्रसामग्री, भांडवल व वितरण यांत होता. गुणवत्ता कंपनीने निर्माण केली नव्हती. ती तिला घराण्यांकडून, बैठकींतून व रंगभूमीवरून आयती लाभली होती.

या व्यवस्थेने निवडीची एक कसोटीही आणली. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात जे बसेल आणि जे खपेल, ते मुद्रित होई. भास्करबुवा बखले १९२२ साली, तर अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली निवर्तले; दोघांचीही व्यापारी ध्वनिमुद्रिका निघाली नाही. केवळ याद्यांवरून इतिहास लिहावयाचा झाल्यास ही दोन्ही नावे गळतील. परंतु भास्करबुवांची विद्या बालगंधर्व व मास्टर कृष्णराव यांच्या गळ्यातून, आणि खाँसाहेबांची केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून पुढे गेली. १९७७ साली ‘व्हॉएजर’ अंतराळयानांवर जी सुवर्णतबकडी पाठविण्यात आली, तीत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. अर्थात कंपन्यांचे ऋणही नाकारता येणार नाही. १९३७ साली दिवंगत झालेले अब्दुल करीमखाँ आज ऐकू येतात, ते मुद्रिकांमुळेच.

ऱ्हासाचे कारण याच पायात दडलेले होते. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली. पुढील दोन दशकांत कॅसेटयंत्रे भारतात घरोघर पोहोचली आणि ध्वनीची प्रत काढण्यास डमडमसारख्या कारखान्याची गरज उरली नाही. गुलशन कुमार यांची ‘टी-सिरीज’ १९८३ साली निघाली व स्वस्त कॅसेटींनी बाजार व्यापला. तबकडीत गुंतलेली जुनी कंपनी या बदलास वेळेवर सामोरी गेली नाही. १९८५ च्या सुमारास तिचे नियंत्रण ईएमआयकडून गोएंका समूहाकडे आले. २००० साली तिचे नाव ‘सारेगामा’ झाले. ईएमआयचेही विघटन होऊन तिचा ध्वनिमुद्रण विभाग २०१२ साली ‘युनिव्हर्सल’कडे गेला.

मक्तेदारी मोडली म्हणून गुणवत्तेचा आपोआप विजय झाला, असे मात्र म्हणता येणार नाही. कॅसेटमुळे लोकगीते, भक्तिगीते, भीमगीते यांना मोठा वाव मिळाला, हे खरे. पण त्याच काळात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन गाजलेली गाणी दुसऱ्या गायकांकडून गाववून विकण्याचा व्यापारही फोफावला. साधन स्वस्त झाले की गुणी कलावंताप्रमाणे अनुकरण करणाऱ्यासही दार उघडे होते.

तथापि कालांतराने निवाडा झाला. २०१७ साली याच सारेगामाने पाच हजार जुनी हिंदी गाणी साठविलेले ‘कारवाँ’ हे यंत्र विक्रीस आणले, त्यास मोठी मागणी आली. कारखान्याचे महत्त्व सरले होते. मोल उरले ते गायक, संगीतकार व कवी यांच्या कृतींचे. जिच्या आश्रयाने कलावंत जगतात असे मानले जाई, ती कंपनी अखेरीस त्या कलावंतांच्या पुण्याईवर जगली.

यावरून अभ्यासकाने एवढे ध्यानी घ्यावे की, कंपनीची यादी हा प्रथमतः व्यापाराचा दस्तऐवज आहे. काय विकले गेले, हे ती सांगते. काय श्रेष्ठ होते, हे ठरविण्यास शिष्यपरंपरा, बैठकींची समकालीन वर्णने, आकाशवाणीची व खासगी ध्वनिमुद्रणे यांची साक्ष तिच्याबरोबर घ्यावी लागते. अन्यथा बाजाराने एकदा वगळलेल्या कलावंतास इतिहासही दुसऱ्यांदा वगळील.