जाळ घालणारा गडी

सातारा-सांगलीकडच्या गुऱ्हाळात मान गुळव्याचा. चुलवाणापाशी बसलेल्या गड्याकडे कोण बघतो? पण वाळलं चिपाड थोडं थोडं, एकसारखं टाकायचं नि धुराचा रंग बघत राहायचं, हे काम त्याचं. काळा धूर म्हणजे न जळता गेलेलं जळणच की!

१९५० नंतर सांगली, रेठरे बुद्रुक इथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. तिथे बॉयलरपुढचं चिपाड ओलं. जवळजवळ निम्मं पाणीच. १९२३ च्या बॉयलर कायद्याचा रोख स्फोट टाळण्यावर होता. जळण वाचवणं बॉयलरवाला बहुधा जुन्या जाणत्याचं बघूनच शिकला.

ऊर्जा-बचतीचा कायदा झाला २००१ साली. त्याच्या यादीत साखर कारखाने होते, व्यापारी इमारतीही होत्या. पुढे ऊर्जा-व्यवस्थापकांच्या परीक्षा सुरू झाल्या. चांगलंच झालं. मात्र रात्रपाळीला हवेची झडप किती उघडायची, इमारतीतला पंप केव्हा बंद करायचा, हे ठरवणारा हात व्यवस्थापकाचा नसतो.

त्या हाताला शिकवायची सोय मला गुऱ्हाळातच बरी वाटते. काहील उतू लागली, की गुळव्या तिथूनच ओरडतो, “अरे, जाळ आवर!”